आईचे पाय वयाने थकले की घराने?

कवडसा

आई ७६ वर्षांची. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तळमजल्यावरच्या तिच्या घरात एकटी राहायची. बाबा गेल्यावर चार वर्षं तिने तशीच काढली. मग एकदा तिला रात्री सडकून ताप आला, सकाळपर्यंत कुणाला पत्ताच नाही. त्यानंतर आम्ही तिला इकडे घेऊन आलो. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिला स्वतंत्र खोली आहे, चांगला पलंग आहे, टीव्ही आहे, पाणीसुद्धा हाताशी असतं. कशाची म्हणून कमी नाही.

आणि आता ती खुर्चीतून उठते तेव्हा आधी कडेपर्यंत सरकते. खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे रोवते, पुढे झोका घेते, परत मागे टेकते, दुसऱ्या झोक्याला उठते. तेवढा वेळ बोलणं बंद. वाक्य अर्ध्यात थांबतं आणि उभी राहिल्यावर पुरं होतं. हे एकदा लक्षात आलं आणि तेव्हापासून मला दुसरं काही दिसतच नाही.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन ठीक. हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी, म्हणजे दाह मोजणारी रक्ताची तपासणी, ४.२ आलं. सर्दी-खोकला काही नव्हता, तरी तीन आठवड्यांनी परत केलं, ३.८. "शरीरात थोडा दाह आहे, या वयात असतोच," असं म्हणाले. पायांबद्दल विचारलं तर तेच उत्तर, वय.

पण ७४ व्या वर्षी ती बादली उचलत होती. दोन वर्षांत वय एवढं वाढतं का? दोन वर्षांत बदललं ते घर. राहण्याच्या जागेचा, तिथल्या दिवसाचा या दाहाशी आणि पायातल्या ताकदीशी संबंध असतो का? ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

पायवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कवडसा, तुम्ही जे पाहिलंत ते अगदी नेमकं आहे. उठताना बोलणं थांबतं म्हणजे उठायला त्यांना सगळं लक्ष आणि जवळजवळ सगळी ताकद लागते आहे. राखीव काही उरलेलं नाही.

आधी मोजा. भिंतीला टेकवलेली, बिनहाताची साधी खुर्ची घ्या. हात छातीवर घडी. न थांबता पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं, पाचव्यांदा उभं राहिल्यावर घड्याळ थांबवायचं. तुम्ही शेजारी उभ्या राहा. स्नायूंच्या झिजेसाठी युरोपीय तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये १५ सेकंदांची मर्यादा ठरवली; आशियाई गटाच्या त्याच वर्षीच्या निकषात ती १२ सेकंद आहे. मग चार मीटर जमीन मोजून नेहमीच्या चालीने चालायला सांगा. पाच सेकंदांपेक्षा जास्त लागले तर वेग सेकंदाला ०.८ मीटरच्या खाली आला, तिथे आम्ही सावध होतो. चालीचा वेग ही फार बोलकी गोष्ट आहे. २०११ साली नऊ अभ्यासांतल्या ३४,४८५ वृद्धांची माहिती एकत्र केली, तेव्हा चालण्याच्या वेगावरून पुढच्या आयुष्याचा अंदाज चांगलाच बांधता आला.

आणि एक सांगा. आई दिवसातून किती वेळा खुर्चीतून उठतात? अंदाज नको, एक दिवस बसून मोजाच.

---

सूक्ष्म

दाहाचा भाग मी लिहितो, माझं काम प्रयोगशाळेतलं.

दाह म्हटलं की आपल्याला सुजलेलं, लाल झालेलं, ठणकणारं बोट आठवतं. तो दाह कामाचा असतो, काम झालं की विझतो. म्हातारपणातला वेगळा. दिसत नाही, दुखत नाही, धुमसत राहतो. इटलीतल्या क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली त्याला 'इन्फ्लेमेजिंग' हे नाव दिलं. इंधन बऱ्याच ठिकाणांहून येतं. पोटातली चरबी, हिरड्यांचा जुना आजार, धूर, विभागणं थांबलेल्या पण मरायला तयार नसलेल्या म्हाताऱ्या पेशी. या सगळ्यांतून इंटरल्युकिन-६ सारखे संदेशवाहक रक्तात येतात, ते यकृताला सांगतात आणि यकृत सीआरपी तयार करतं. म्हणजे सीआरपी हा धूर आहे, आग कुठे आहे ते त्यावरून कळत नाही.

स्नायूंशी संबंध असा. स्नायूंतली प्रथिनं रोज मोडतात, रोज नवी बनतात. धुमसता दाह मोडणं वाढवतो आणि बनणं मंदावतो. १९९९ साली अमेरिकेत लुइजी फेरुची आणि सहकाऱ्यांनी ७१ वर्षांपुढच्या, तोवर नीट हिंडत्या-फिरत्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीला ज्यांच्या रक्तात इंटरल्युकिन-६ जास्त होतं, त्यांच्यापैकी जास्त लोकांचं चालणं-फिरणं पुढच्या चार वर्षांत अडलं.

गंमत वाटेल, पण काम करणारा स्नायूसुद्धा हेच इंटरल्युकिन-६ सोडतो. कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन यांनी ते दाखवलं. ते थोडा वेळ वाढतं, आणि त्याच्या मागोमाग दाह शमवणारी रसायनं येतात. तोच रेणू दिवसभर थेंब थेंब गळत राहिला तर स्नायू खातो आणि चालण्यातून उसळून आला तर शरीर निवतं. मला या विषयात सगळ्यात सुंदर हेच वाटतं.

आकड्यांबद्दल एक विनंती. १ च्या खाली कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त, ही पट्टी हृदयविकाराच्या जोखमीसाठी आहे. १० च्या वर गेलं तर बहुधा संसर्ग असतो, आधी तो बघायचा. ३.८ आणि ४.२ यांत फरक धरू नका आणि दर महिन्याला तपासत बसू नका.

---

रोखठोक

चर्चा चांगली आहे, पण मला एक अडचण मांडायची आहे. ज्याला आधीच आजार आहे तो कमी हालतो, एकटा पडतो, नाइलाजाने दुसऱ्यांकडे राहायला जातो. दाह त्या आजाराचाही असू शकतो. मग आपण म्हणणार घरामुळे दाह वाढला. गाडं बैलाच्या पुढे जुंपल्यासारखं होईल. कवडसा, आईंना दोन वर्षांपूर्वी आलेला तो ताप कशाचा होता? तेव्हापासूनच काही सुरू झालं नसेल कशावरून? घराला दोष देऊन खरं दुखणं राहून जायला नको, एवढीच काळजी.

---

कवडसा

रोखठोक, काळजी पटते. तो ताप मूत्रमार्गाच्या संसर्गाचा होता, उपचारांनी बरा झाला. पण एक आठवलं. त्या वेळी ती नऊ दिवस दवाखान्यात पलंगावरच होती. स्वच्छतागृहापर्यंतसुद्धा चालू दिलं नाही, पडेल म्हणून.

---

पायवाट

नऊ दिवस! मग रोखठोक यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. २००७ साली एक प्रयोग झाला. १२ निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना दहा दिवस पूर्ण पलंगावर ठेवलं. आजार काही नाही, खाणंपिणं व्यवस्थित. दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं. इथे आधी आजार होता असं म्हणायला जागाच नाही, कारण माणसं निरोगी होती आणि पलंग त्यांना संशोधकांनीच दिला होता. आईंच्या बाबतीत त्यात तापही होता, म्हणजे दाह आणि अंथरूण दोन्ही एकदम.

तरुण माणसाचं असं गेलेलं मांस परत येतं. म्हाताऱ्या माणसाचंही येतं, पण त्याला कारण लागतं. घरी आल्यावर त्या पायांना काही काम मिळालं का, हा खरा प्रश्न.

---

सांजवारा

पायवाट यांचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझे सासरे शेवटची तीन वर्षं एका वृद्धनिवासात होते. जागा स्वच्छ, माणसं प्रेमळ, औषधं वेळेवर. फक्त कुणी पडू नये म्हणून सगळ्यांना दिवसभर खुर्चीत बसवून ठेवत. उठायला लागले की कुणीतरी धावत यायचं, "आजोबा, बसा, काय हवंय ते आम्ही देतो."

ते गेल्यावर सामान आणायला गेले. मी त्यांना सव्वा वर्षापूर्वी नेऊन दिलेल्या चपला पिशवीत होत्या. उलट्या करून पाहिल्या तर तळाची नक्षी जशीच्या तशी. टाचेची कडसुद्धा झिजली नव्हती. सव्वा वर्ष वापरलेल्या चपला. मी तिथेच खाली बसले.

त्यांना दुखापत एकदाही झाली नाही. सांभाळण्यात कुणी कसूर केली असं मी म्हणूच शकत नाही, आणि तरी.

---

निरंजनी

सांजवारा, वाचून पोटात कालवलं. अशा निवासांबद्दलचा एक जुना प्रयोग सांगते. १९७६, अमेरिका. एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांनी एका वृद्धनिवासातल्या एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की इथे काय कसं असावं ते तुम्ही ठरवा, आणि एकेक रोप दिलं, त्याची निगा तुम्ही राखायची. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण त्यांना पाणी कर्मचारी घालणार. तीनच आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त हिंडूफिरू लागली, खुलली.

---

रोखठोक

तो प्रयोग मोलाचा आहे, पण माणसं थोडी होती आणि त्यात दाह मोजलेला नव्हता. पुढे दीड वर्षाने त्यांच्यातले मृत्यूही मोजले होते, त्यावर मात्र भार टाकू नये, एवढ्या कमी लोकांत तो आकडा डळमळीत असतो. दहा दिवसांच्या पलंगाचा प्रयोग मला पटला. पण तो हालचालीबद्दल झाला. घर, शेजार, एकटेपणा यांच्यामुळे दाह वाढतो असं म्हणायला काय आहे?

---

सूक्ष्म

क्रमाने सांगतो. थोडं लांबेल.

झोप. आवाज, उजेड, उकाडा यांनी रात्र तुटते. तरुण निरोगी माणसांची एका रात्रीची अर्धी झोप काढून घेतली, तरी सकाळी पांढऱ्या पेशींत दाहाची जनुकं जास्त बोलायला लागलेली दिसतात. हा प्रयोगच आहे, नुसता संबंध नव्हे. युरोपसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये रात्री घराबाहेरच्या आवाजाची मर्यादा ४० डेसिबल सुचवली. हमरस्त्याला लागून खोली असेल तर ती कुठल्या कुठे ओलांडली जाते.

हवा. २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण फुफ्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचतात आणि तिथून दाह पेटतो. वर्षाच्या सरासरीची मर्यादा संघटनेने २०२१ मध्ये दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमवर आणली. स्वयंपाकाचा धूर, उदबत्ती, घरातल्या कुणाची सिगारेट, भिंतीची ओल आणि बुरशी, हे सगळं म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला जास्त येतं, कारण आपण बाहेर जातो आणि ते घरात असतात.

थंडी. संघटनेच्या २०१८ च्या घरांविषयीच्या मार्गदर्शनात खोली १८ अंशांच्या खाली जाऊ नये असं आहे, वृद्धांना त्याहून उबदार लागू शकते. गार खोलीत माणूस पांघरूण घेऊन बसून राहतो, तेही पायांना नडतं.

एकटेपणा. स्टीव्ह कोल आणि जॉन कॅचिओपो यांनी २००७ साली दीर्घकाळ एकटं वाटणाऱ्या लोकांच्या पांढऱ्या पेशी तपासल्या. दाह वाढवणारी जनुकं चढलेली, विषाणूंशी लढणारी उतरलेली. मोजकेच लोक होते, पण पुढे हे चित्र इतरत्रही दिसलं. यात घरात किती माणसं आहेत ते धरलेलं नाही, त्या माणसाला काय वाटतं ते धरलं आहे.

आणि २०२५ मध्ये आलेला एक अभ्यास रोखठोक यांच्यासाठी. इटलीतले आणि सिंगापूरमधले वृद्ध एकीकडे. बोलिव्हियाच्या जंगलातले चिमाने आणि मलेशियातले ओरांग असली हे आदिवासी दुसरीकडे. पहिल्या दोन्ही गटांत वयाबरोबर दाहाची ठरावीक घडण चढत जाते. दुसऱ्या दोन्ही गटांत दाह भरपूर आहे, कारण जंत आणि संसर्ग, पण वयाबरोबर तो तसा चढत नाही आणि म्हातारपणच्या जुनाट आजारांशी त्याचा संबंध लागत नाही. त्यांचं आयुष्य सोपं आहे असं कुणी समजू नये, संसर्गाने तिथे माणसं लवकर जातात. पण 'या वयात दाह असतोच' हे सरसकट खरं नाही, एवढं यावरून म्हणता येतं. तो कसा असेल हे माणूस कुठे आणि कसा राहतो यावरही ठरतं.

---

रोखठोक

हा शेवटचा अभ्यास मला माहीत नव्हता. मान्य. 'वय' या एका शब्दावर सगळं ढकलता येणार नाही.

---

मृगधारा

तुम्ही सगळे जाणकार आहात म्हणून विचारते. आम्ही पाच जण एका खोलीत राहतो. वडील ८१ वर्षांचे. खाली रस्ता, रात्रभर वाहनं. खोली बदलणं शक्य नाही. 'घर बदला' हे उत्तर असेल तर ते आमच्यासाठी नाही. ते जन्मभर ओझी उचलत आले, कमी झोपले, दातांवर कधी खर्च केला नाही. आता त्यांच्या शरीरात जे धुमसतंय ते आजच्या घराचं की आख्ख्या जन्माचं?

---

सूक्ष्म

मृगधारा, दोन्हींचं. आणि तुमच्या प्रश्नाला आधार आहे. १९८५ साली लंडनच्या १०,३०८ सरकारी नोकरदारांचा 'व्हाइटहॉल २' हा अभ्यास मायकेल मार्मट यांनी सुरू केला. सगळे पगारदार, कुणी निराधार नाही. तरी हुद्दा जसजसा खाली तसतसं रक्तातलं सीआरपी आणि इंटरल्युकिन-६ वर, अशीच पायरी त्यात दिसली. सिगारेट, वजन हे बाजूला काढलं की पायरी बुटकी होते, पण पुरती जात नाही. तुमच्या वडिलांच्या बाबतीत हा अन्याय आहे आणि तो त्यांनी स्वतःवर ओढवून घेतलेला नाही.

दातांचं मात्र आजही करता येतं. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्याला दाखवा. हिरड्यांच्या उपचारांनी सीआरपी उतरतं हे प्रयोगांत दिसलं आहे.

---

पायवाट

आणि पायांचंही करता येतं, त्याला खोली मोठी लागत नाही. १९९० साली मारिया फियातारोन यांनी एका शुश्रूषागृहातल्या सरासरी नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा जड व्यायाम दिला. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! १९९४ मध्ये १०० जणांवर तेच केलं. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीच्या वर गेली. ज्यांना फक्त पौष्टिक पेय दिलं त्यांची तशीच राहिली. मी दर आठवड्याला कुणाला ना कुणाला हे सांगते, कारण डब्यातली पावडर विकत घेणं सोपं वाटतं.

वडिलांसाठी: सकाळी पाच उठबशा खुर्चीवरून, संध्याकाळी पाच. हात लावावा लागला तरी चालेल, दर आठवड्याला हाताचा भार कमी. कट्ट्याला धरून टाचा उचलणं दहा वेळा. खुर्ची बुटकी असेल तर खाली घट्ट, न सरकणारी पाटी ठेवून उंच करा, जमू लागलं की पाटी काढा. छातीत दुखणं, चक्कर, नवी सूज असेल तर थांबून डॉक्टरांना विचारा. रात्री त्यांचं अंथरूण रस्त्याच्या भिंतीपासून जितकं आत घेता येईल तितकं घ्या.

---

वाटसरू७

दाह कमी करायची एखादी गोळी नाही का? माशाच्या तेलाच्या घेतात ना.

---

सूक्ष्म

नेमकं हेच तपासलं होतं. इंटरल्युकिन-६ वाढलेल्या आणि चाल मंदावलेल्या वृद्धांना माशाचं तेल किंवा लोसार्टन हे रक्तदाबाचं औषध देऊन पाहिलं. इंटरल्युकिनही उतरलं नाही, चालही सुधारली नाही. उलट चालण्या-व्यायामाचा 'लाइफ' अभ्यास २०१४ मध्ये आला. ७० ते ८९ वयाचे १,६३५ लोक, सरासरी अडीच वर्षांहून जास्त काळ. ४०० मीटर चालता न येण्याची वेळ व्यायामाच्या गटात १८ टक्क्यांनी कमी आली.

---

कवडसा

पायवाट, तुम्ही सांगितलंत तसं रविवारी मोजलं. पाच वेळा उठायला १९.४ सेकंद. चौथ्या वेळी हात सुटलेच.

आणि दिवसातून किती वेळा उठते तेही मोजलं. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत अकरा वेळा. त्यातल्या सात वेळा स्वच्छतागृहासाठी.

मी पूर्ण दिवस तिच्याबरोबर बसले तेव्हा कळलं. ती उठायला लागली की आम्ही कुणीतरी म्हणतो, "आई, तू बस, मी आणते." मी म्हणते, माझा नवरा म्हणतो, मुलगासुद्धा म्हणतो. त्या दिवशी चौदा वेळा म्हटलं गेलं. तिच्या घरी ती दाराशी कुणी आलं की उठायची, दूध आत घ्यायला, कपडे वाळत घालायला, झाडांना पाणी घालायला, कडी लावायला. दाराशी येणारं कुणी ना कुणी दिवसातून दहा वेळा तिच्याशी बोलायचं. इथे तिसऱ्या मजल्यावर कुणी येत नाही, आणि आलं तरी दार आम्ही उघडतो. सांजवारा, तुमच्या सासऱ्यांच्या चपला डोळ्यांसमोरून हलत नाहीत. मीही आईच्या चपला उलटून पाहिल्या. पुढचं लिहवत नाही.

तिच्याशी बोलले. म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला मी मध्ये मध्ये केलेलं आवडत नाही."

---

सांजवारा

कवडसा, तुमच्या हातात अजून वेळ आहे. करा.

---

कवडसा (अडीच महिन्यांनी)

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहिते.

दार आता तिचं. बेल वाजली की ती जाईपर्यंत कुणी उठायचं नाही, बाहेरच्याला थांबावं लागलं तरी चालेल. कपडे वाळत घालणं आणि घड्या करणं तिचं. टीव्हीचा रिमोट लांबच्या कपाटावर. सकाळ-संध्याकाळ उठबशा, त्यातल्या पाच पाठीवरच्या पिशवीत एक किलोचं वजन घेऊन, फिजिओला दाखवून मग सुरू केल्या. मधल्या पंधरवड्यात गुडघा दुखला, तेव्हा वजन काढलं, बंद नाही केलं. एक दिवसाआड जिना. उतरताना मी एक पायरी खाली उभी. खाली तिला एक मैत्रीण भेटली आहे, तिच्याचसाठी उतरते, व्यायामासाठी मुळीच नाही. हिरड्यांची सफाई दोनदा झाली. खोली मुलाबरोबर बदलली, त्याची मागच्या बाजूला होती आणि शांत आहे. ती म्हणते पहाटेपर्यंत झोप लागते.

१९.४ चे १५.१ झाले. हात सुटत नाहीत. दिवसातून उठणं तीस-बत्तीस वेळा. सीआरपी डॉक्टरांनी इतर तपासण्यांबरोबर केलं, ३.१ आलं. सूक्ष्म यांनी आधीच सांगितलंय म्हणून त्यावर काही म्हणत नाही.

काल दाराकडे जाता जाता माझ्याशी बोलत होती. खुर्चीतून उठली, बोलतच राहिली.

---

मृगधारा

कवडसा, आमच्याकडे बाबांचे २३ सेकंद होते, आता २० आहेत. पाटी अजून खुर्चीखालीच आहे. पुढच्या आठवड्यात काढून बघणार.

---

पायवाट

मृगधारा, पाटी एकदम काढू नका. अर्ध्या जाडीची शोधा, तीन आठवडे त्यावर. काढाल त्या दिवशी शेजारी उभ्या राहा आणि इथे कळवा.